आठवा बोल्ट

मल्हारपेठेत, पाटण रस्त्याच्या डाव्या अंगाला,
पंक्चरच्या दुकानामागं जी पत्र्याची शेड दिसते ती आमची.
डुबल सरांची जीप परवा ट्रॉलीतून आली.
मडगार्डात उगवलेलं गवतही सोबत आलं.

कोयनेच्या पावसात बावीस वर्षं उभी होती म्हणे.
उभी कुठली, बसलीच होती,
पुढच्या टायरांवर गुडघे टेकून.
दाराला हात लावला तर दार हातात.
बिजागरी तेवढी जागेवर.

तीन दिवस बोल्टांना रॉकेल पाजतोय.
सकाळी एक घोट, रात्री शटर ओढताना एक.
अरमान म्हणतो, स्प्रे आणा, नाहीतर गॅसनं उडवा.
थांब म्हटलं.
गंज काही घाईनं आला नव्हता.

आधी तिला सगळ्यातून सोडवायचं.
वायरिंग: अर्धं काम उंदरांनी केलेलं.
हँडब्रेकची केबल. डिझेलचा पाइप.
स्टिअरिंगचं चाक, दोन्ही तळव्यांच्या जागी
अजून गुळगुळीत.

मग बोल्ट.
पहिल्या दोघांना पाना नुसता टेकला, डोकी खाली.
तिसरा गोल झालेला, त्याला छिन्नी.
चौथा मात्र हातानं फिरला,
आट्यांत ग्रीस अजून पिवळं.
कोण घालून गेलं असेल?
पाच, सहा, सात गॅसनं.
ठिणगी अरमानच्या चपलेवर, शिवी मला.

चिंचेच्या फांदीला चेन ब्लॉक लावला.
ज्योतिराम पुढं, मी मागं,
रसवंतीवाले माने सहज आलेले, तेही धरायला.
ओढ म्हटलं.
पत्रा कण्हला, मागून वीतभर उचलला
आणि पुढून काहीतरी तिला सोडेना.

आठवा.

क्लचच्या मागं, ड्रायव्हरच्या टाचेखाली,
एका चौकोनी ठिगळानं झाकलेला.
टॉर्च मारली.
ठिगळाच्या कडेनं वेल्डिंग,
इथं गोळा, इथं भोक, भोकावर परत गोळा,
मुंग्यांची रांग वाट चुकावी तसं.

हे वेल्डिंग माझं.

एक्क्याण्णव साल. जीप सरकारी, ड्रायव्हर चहाला गेलेला.
इलाहीचाचांनी होल्डर माझ्या हातात दिला
आणि पाठ करून बिडी ओढत बसले.
मी काच धरायची विसरलो.
रात्रभर डोळ्यांत वाळू,
आई बटाट्याच्या चकत्या बदलत बसलेली.
सकाळी चाचांनी ठिगळावर हातोडी मारून पाहिली.
"दिसायला गाढव आहे," म्हणाले, "पण बसलंय."
खाली बोल्ट झाकला गेला
हे त्यांनी पाहिलं की नाही, कधी बोलले नाहीत.

चौतीस वर्षं.
भोवतीचा पत्रा चहात बुडवलेल्या खारीसारखा,
बोट घातलं की आरपार.
गाढव तेवढं जागचं हललेलं नाही.

अरमानला म्हटलं, ठिगळ कापू नको, कडेकडेनं घे.
भंगारातच जाणार ना सगळं?
हो. तरी कडेनं घे.

ठिगळ निघालं. खाली बोल्ट कोरडा,
अर्ध्या फेऱ्यात सुटला.

मग ती उठली, इतकी हलकी
की ज्योतिराम मागं कलला.
चिंचेला टांगलेली, तळातून तांबडी माती गाळत.
मातीत एक पेनाचं टोपण,
करवंदाच्या बिया.
खाली चेसिस. सरळ.
बोटानं पुसलं तर नंबर वाचता येतो.
"ही तर चांगली आहे की," माने म्हणाले,
आणि गिऱ्हाईक दिसलं म्हणून पळाले.

डुबल सरांना फोन लावला. चेसिस वाचली म्हटलं.
ठिगळाचं सांगितलं नाही.

ते शटरमागं खिळ्याला आहे.
अरमान आता जुन्या मडगार्डवर वेल्डिंग शिकतोय.
मी पाठ करून बसतो.
बिडी सोडली, म्हणून चहा.
काच धर, एवढंच म्हणतो.